नवरा गेल्यावर आपल्या मनासारखं कसं राहायचं

ज्यांचा नवरा गेला आहे आणि सकाळी आरशासमोर टिकलीच्या पाकिटाकडे जाणारा हात ज्यांचा मध्येच थांबतो, त्या बायकांसाठी हे लिहिते आहे. मी स्वतः त्यातून गेले आहे. शिवाय मी ठाण्यात, पाचपाखाडीत, घरच्या घरी ब्लाऊज शिवते. माझ्याकडे येणाऱ्या बायका साडी हातात देता देता बरंच बोलून जातात आणि पडद्यामागे ट्रायल घेताना त्याहून जास्त बोलतात. इतकी वर्षं ऐकून आणि स्वतः करून जे उपयोगी पडलं, ते सांगते.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लोकांचं आपल्याबद्दल काहीतरी पक्कं मत आहे, असं आपण धरून चालतो. माझ्या पाहण्यात बहुतेकींना मत असं नसतंच, त्यांना फक्त सुचत नसतं. हिला कुंकू लावायचं का? हिला औक्षणाला उठवायचं का? बांगड्या भरायला चल म्हटलं तर हिला लागेल का? सुचत नाही म्हणून त्या जुनी रीत चालवतात, आणि आपण घरी येऊन रडतो की मला वगळलं. अशा वेळी जी आधी बोलते तिचं चालतं. म्हणून आपण आधी बोलायचं.

पहिले तेरा दिवस

या दिवसांत मात्र आपल्याला बोलता येत नाही. अंगात त्राणच नसतं. त्यामुळे आपल्या वतीने बोलणारं एक माणूस लागतं, आणि ते सासरचं मिळालं तर फार बरं. आई किंवा बहीण म्हणाली की ‘तिच्या बांगड्या फोडू नका’, तर सासरच्या मोठ्या बायकांना ते आपल्या घरात नाक खुपसणं वाटतं. तेच नणंद म्हणाली तर विषय संपतो. माझी नणंद दारात उभी राहून म्हणाली, “वहिनीच्या अंगावरचं काही काढायचं नाही. काढायचं असेल तर ती स्वतः काढेल, तिला वाटेल तेव्हा.” तिला कुणी उलट बोललं नाही, कारण गेलेला तिचा सख्खा भाऊ होता.

घरात कुणाचं दुखणं लांबलं असेल आणि पुढचं दिसत असेल, तर अशा माणसाशी आधीच बोलून ठेवा. बोलवत नाही, हे मला माहीत आहे. तरी बोला.

कुणी म्हणेल, असं आपल्यात होत नाही. तर त्यांना हेरवाडचं नाव सांगा. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हे गाव. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत, असा ठराव तिथल्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये केला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेच करा म्हणून परिपत्रक काढलं. गावाकडच्या वडीलधाऱ्यांपुढे ‘सरकारचं परिपत्रक आहे’ हे वाक्य फार कामाला येतं. आपल्या बिल्डिंगीत ग्रामसभा नाही. शहरात हा ठराव घराघरात, आपला आपल्यालाच करावा लागतो.

या दिवसांत कायमचा निर्णय मात्र कुठलाच घेऊ नका. जे अंगावर आहे ते असू द्या. मंगळसूत्र पुढे कधीही काढता येतं. फोडलेल्या बांगड्या परत जोडता येत नाहीत, आणि ज्यांच्या फोडल्या गेल्या त्या बायका तो आवाज वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

आणखी एक बारीकशी गोष्ट. तेराव्याला माहेराहून साडी येते. भाऊ बिचारा दुकानात जाऊन राखाडी नाहीतर बदामी रंगाची घेऊन येतो, कारण दुकानदार तेच काढून दाखवतो. भावाला आधी फोन करून रंग सांगा. मी जांभळी सांगितली होती. तीच नेसून मी तेराव्याच्या पंगतीला वाढलं.

लोक म्हणजे नक्की कोण

माझ्या मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी एकदा नावं लिहून काढली. ज्यांच्या बोलण्याची मला भीती वाटते ती सगळी. वाटलं होतं पान पुरणार नाही, पण नावं बोटांवर मोजण्याइतकी निघाली. हे तुम्हीही करा, आणि कागदावरच करा. मनातल्या मनात केलं तर ‘लोक’ हे लोकच राहतात, त्यांना चेहरा येत नाही.

मग त्या नावांपुढे लिहा, ह्या बाईशी माझं रोजचं काय आहे. एका घरात राहते का? तिच्याकडून काम मिळतं का? मुलांचं काही अडतं का? माझ्या यादीत अशा दोघीच उरल्या, सासूबाई आणि यजमानांच्या मोठ्या काकू. बाकी सगळ्या जिन्यात भेटणाऱ्या, लग्नात भेटणाऱ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडल्याचं चित्र पाठवणाऱ्या. त्यांचं बोलणं कानावर येईल, पण घरात ते काही बदलत नाही.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकली. तिने मला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग सांगितला. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास 2000 साली छापून आला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं जवळपास निम्म्या जणांचं लक्ष गेलं असणार. प्रत्यक्षात साधारण पाव जणांनाच चित्रातला माणूस सांगता आला. मुलीचं म्हणणं, आई, तू समजतेस तितकं कुणी तुझ्याकडे बघत नाही.

मला हे अर्धंच पटतं. टीशर्ट अनोळखी माणसांसमोर होता. आपल्या बिल्डिंगीत नवरा गेलेल्या बाईचं कपाळ बघतातच, पहिल्या वेळी तर थांबून बघतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्यांची नजर सरावते, हे मी माझ्यावरही पाहिलं आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांवरही. तेव्हा पहिल्या वेळेची तयारी करायची. ती निभली की पुढचं जड जात नाही.

कारण देताना सांभाळा

लाल टिकली पाहून कुणीतरी विचारणारच. त्याला उत्तर आधी घोकून ठेवा. ‘मला आवडते’ एवढं पुरे.

बायका काय करतात? ‘मुलगी ऐकतच नाही हो’, ‘ह्यांनाच आवडायची’, ‘ऑफिसात बरं दिसतं’. ही उत्तरं सोपी जातात, मला कळतं. पण त्यात आपली इच्छा कुठेच येत नाही, ती नेहमी दुसऱ्या कुणाची तरी असते. उद्या मुलगी सासरी गेली की कुणीतरी म्हणणार, आता तर ती इथे नाही, मग आता कशाला? आपल्या आवडीला आपणच दुसऱ्याची सही घेत बसलो तर ती सही प्रत्येक वेळी घ्यावी लागते.

‘मला आवडते’ म्हटलं की समोरच्या बाईला वादाला जागा राहत नाही. ती फार तर गप्प बसते. आपणही गप्प बसायचं. ती शांतता भरून काढायला आपण आणखी बोलायला लागतो, आणि तिथेच फसतो.

साड्या आणि रंग

हे माझ्या धंद्याचं, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

पहिलं वर्ष कपाटाला कुणाला हात लावू देऊ नका. ‘आता कुठे नेसणार आहेस, देऊन टाक’ म्हणणारी एक तरी असतेच, आणि आपण त्या दिवसांत काहीही देऊन टाकतो. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी स्वतःचा लग्नातला शालू असाच दिला. दोन वर्षांनी मुलाच्या साखरपुड्यात तो दुसरीच्या अंगावर दिसला. त्या मला हे सांगताना काउंटरवरच्या ब्लाऊजपीसचा काठ नुसता चोळत होत्या.

नवा ब्लाऊज शिवायला टाकाल तेव्हा शिवणाऱ्या बाईला आत दीड इंच मार्जिन सोडायला सांगा. दुःखात अंग उतरतं, आणि जेवणखाण सुरू झालं की भरतं. पहिल्या सहा महिन्यांत घेतलेली मापं खरी नसतात. ब्लाऊज अंगाला नीट बसला नाही की बाईला वाटतं साडीच आपल्याला शोभत नाही, आपलं वयच झालं. तसं काही नसतं, दोन टीप उसवल्या की काम होतं.

ट्रायल घेऊन पडद्याबाहेर आलेली बाई आधी कुठे बघते, ते मी बघत असते. कुणी थेट आरशात बघते. कुणी आधी बरोबर आलेल्या बहिणीच्या नाहीतर जावेच्या तोंडाकडे बघते, आणि तिचा चेहरा पाहून मग आरशाकडे वळते. नवरा गेलेल्या बायकांमध्ये हे दुसरं मी फार पाहिलं आहे. त्यामुळे आता मी बरोबरच्या बाईला गॅलरीत चहा देते आणि म्हणते, तुम्ही बसा, आम्ही आलोच. तुम्हीही ट्रायलला एकट्या जा. आरशात आधी स्वतः बघा. आवडलं का ते ठरवा, मग कुणाला दाखवायचं त्याला दाखवा.

सगळ्यात भीती हिरव्याची असते. हिरवा चुडा, हिरवी साडी, सगळं सवाष्णीचं म्हणून मनात बसलेलं. म्हणून हिरव्याला पायरीपायरीने जा. आधी नुसता ब्लाऊज हिरवा, साडी कुठलीही. मग हिरव्या काठाची. मग पूर्ण हिरवी, पण जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही तिथे. संध्याकाळी तलावपाळीवर एक फेरी मारा, राम मारुती रोडच्या गर्दीत मॅचिंग सेंटरमध्ये अस्तर घ्यायला जा, गडकरी रंगायतनला नाटक बघा. तिथे हजार माणसांत तुमची साडी ही फक्त साडी असते. त्यानंतर बँकेत, आणि बिल्डिंगीत शेवटी.

लाज अशी करून मोडायची ही युक्ती माझ्या डोक्यातली नाही. अल्बर्ट एलिस नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांची विवेकनिष्ठ विचारांची पद्धत मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली, आणि आपल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे ती पुष्कळांपर्यंत पोचली. एलिस लोकांना लाज मोडायचा गृहपाठ द्यायचे. भरल्या मेट्रोत पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्याने ओरडायचं, केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यावरून ओढत न्यायचं. करून झाल्यावर माणसाला कळायचं की लोकांनी पाहिलं, कुणी हसलं, आणि आपल्याला काहीही झालं नाही. ते कळण्यासाठी आधी करावंच लागतं, नुसता विचार करून ते कळत नाही. हिरव्या साडीचंही तेच आहे.

हळदी-कुंकू

खरी परीक्षा इथे असते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रत्येक मजल्यावर एक हळदी-कुंकू. आपल्याला बोलावणं येत नाही, किंवा येतं पण ‘तिळगूळ घ्यायला ये हं’ असं, कुंकवाचं नाव न घेता.

वर्षाच्या आत सण करत नाहीत, ते आम्ही पाळलं. मला स्वतःलाच काही नको होतं. दुसऱ्या संक्रांतीला मी माझ्या घरी हळदी-कुंकू केलं. तुम्हालाही हेच सांगेन: दुसऱ्यांच्या बोलावण्याची वाट बघत बसण्यापेक्षा आधी आपल्या घरी करा. आपल्या घरात करंडा आपल्या हातात असतो.

फोन एकेकीला करा, ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर टाकलं की सगळ्या एकमेकींकडे बघत राहतात. फोनवर स्पष्ट म्हणा, ‘माझ्याकडे हळदी-कुंकू आहे, मी सगळ्यांना लावणार आहे, तुम्ही मला लावायचं.’ हे वाक्य आधीच गेलं की दारात कुणाची तारांबळ होत नाही. वाण साधंच ठेवा. मी सुई-दोऱ्याच्या डब्या दिल्या होत्या.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांचे यजमान जाऊन वीस-बावीस वर्षं झालेली, त्या हळदी-कुंकवाला येतच नसत. सोफ्याच्या टोकाला बसल्या. मी करंडा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले तेव्हा त्यांनी वर पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. खोलीत सगळ्या बोलायच्या थांबल्या होत्या. काकू म्हणाल्या, “थांब, चष्मा काढते.” चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि मान पुढे केली. मी हळद लावली, कुंकू लावलं. त्यांनी चष्मा परत चढवला आणि माझ्या हातातला करंडा घेऊन मला लावलं. त्यांचा अंगठा थरथरत होता, त्यामुळे माझं कुंकू भुवईपर्यंत लांबलं. मी ते पुसलं नाही. रात्री झोपेपर्यंत तसंच ठेवलं.

दुसऱ्यांकडे गेलात तर अशी वेळ येते: करंडा घेतलेली बाई ओळीने लावत लावत येते आणि आपल्यापाशी तिचा हात घुटमळतो. त्या क्षणात ती वाईट नसते, घाबरलेली असते. आपणच कपाळ थोडं पुढे करायचं आणि ‘लाव ना’ म्हणायचं. आवाज नेहमीचा ठेवायचा. मी हे बऱ्याच जणींना शिकवलं आणि कुणी हात मागे घेतल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

माझ्या घरी बोलावूनही काही जणी आल्या नाहीत. मी नंतर कुणाला विचारलं नाही, का आला नाहीत म्हणून. विचारलं की त्यांना काहीतरी बहाणा रचावा लागतो, आणि मग त्या बहाण्याला धरून बसावं लागतं. न विचारलं तर पुढच्या वर्षी यायला वाट मोकळी राहते.

सासूबाई

यादीतली बाकी नावं एकीकडे आणि हे एक एकीकडे. इथे ‘मला आवडते’ एवढ्यावर भागत नाही.

पहिली गोष्ट, त्यांचा मुलगा गेलेला असतो. घरात दोन दुःखं असतात आणि दोन्ही एकाच माणसाची. दुसरी गोष्ट, आपल्याकडे किती तरी घरांत सासूही विधवाच असते. माझ्या सासूबाई पस्तिशीच्या आत विधवा झाल्या. त्यानंतर फिकट सुती लुगडं, कपाळ मोकळं. स्वतःच्या मुलाच्या लग्नात, म्हणजे माझ्या लग्नात, मुहूर्ताच्या वेळी त्या आतल्या खोलीत बसल्या होत्या. मी तेव्हा बावीस वर्षांची, मला ते कळलंही नव्हतं.

आता अशा बाईसमोर तिची सून टिकली लावून स्वयंपाकघरात येते. सून म्हणते, सासूबाई जुन्या विचारांच्या. मला वाटतं, त्यांना त्या टिकलीत वेगळंच ऐकू येतं: म्हणजे हे सगळं न करूनही चाललं असतं तर. आपण ज्याला त्यांचा विरोध समजतो तो पुष्कळदा हा घाव असतो.

म्हणून त्यांच्याशी ‘जमाना बदलला’ हे बोलू नका. त्यांना त्यांचं विचारा. मी एका दुपारी शेंगा सोलता सोलता विचारलं, “तुमच्या वेळी कोण कोण आलं होतं?” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, धाकटी जाऊ. सकाळी दोघींनी एका सुपात तांदूळ निवडले होते, आणि दुपारनंतर त्याच जावेने मनगट धरून बांगड्या वाढवल्या. “तिच्या डोळ्यांतही पाणी होतं गं,” म्हणाल्या, “पण हात सोडला नाही.”

त्यानंतर सासूबाई टिकलीवरून मला काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की देवघरात येताना नको. देवघर त्यांचं होतं, मी ऐकलं. काही जणी म्हणतील, हे कसलं मनासारखं राहणं? मला विचाराल तर एका म्हाताऱ्या बाईसाठी एका खोलीपुरती टिकली काढणं मला जड गेलं नाही, कारण ते मी ठरवून केलं होतं. तुमच्या घरात सीमा कुठे आखायची ते तुम्ही ठरवा. पण ती आखताना घाबरून आखली की समजून, ते स्वतःला विचारा.

लावायचं नसेल तर

हेही तितकंच महत्त्वाचं आहे. काही बायकांना खरोखर टिकली नको असते, मंगळसूत्र जड वाटतं, पांढरं सुती आवडतं. त्यांना हल्ली उलट त्रास होतो. मुलं, मैत्रिणी, महिला मंडळातल्या बायका मागे लागतात, ‘अगं लाव, आता कोण पाळतं?’ हेसुद्धा लोकांचंच मत आहे, फक्त दुसऱ्या बाजूने आलेलं. एकटी असताना, दार बंद असताना, आरशासमोर तुम्ही जे केलं असतंत ते तुमचं. मग ते लावणं असो की न लावणं. आणि यंदा ठरवलेलं पुढच्या वर्षी बदललं तरी कुणाला खुलासा द्यायची गरज नाही.

मुलांची लग्नं

इथे लढाई पत्रिकेपासून सुरू होते. छापखान्यातून नमुना येतो त्यात विधवा आईच्या नावाआधी ‘गं. भा.’ घातलेलं असतं. नमुना तुमच्या हातात द्यायला सांगा आणि पेनाने खोडा. ‘श्रीमती’ घाला नाहीतर नुसतं नाव. आणि निमंत्रक म्हणून दिराचं नाव वर टाकायचा आग्रह होतो. मुलीला वाढवलं तुम्ही, तर पहिलं नाव तुमचं.

गुरुजींशी महिनाभर आधी बोला, मांडवात नाही. त्यांना थेट विचारा, ‘कन्यादानाला मी एकटी बसणार आहे, तुम्ही विधी कराल का?’ ठाण्यात आता हो म्हणणारे गुरुजी मिळतात आणि स्त्री पुरोहितही आहेत. नाही म्हणाले तर नमस्कार करून दुसरे बघा, तेवढा वेळ हाताशी असतो. नातेवाइकांनी शास्त्र काढलं तर कायदाही तुमच्या बाजूने आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कन्यादानाची अट नाही. विधींमध्ये सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं, असं त्यात म्हटलं आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही 2024 मध्ये सांगितलं की हिंदू विवाहाला कन्यादान आवश्यक नाही.

मुलीच्या लग्नात मी एकटीच बसले. यजमानांच्या मोठ्या काकू पहिल्या रांगेत होत्या. त्या उठून गेल्या नाहीत, अक्षताही टाकल्या.

पैसे आणि वाळीत टाकणं

पैशाचं थोडक्यात. ‘बाईने असं लगेच कागद मागू नयेत, बरं दिसत नाही’ हे ऐकू नका. मृत्यूचे दाखले भरपूर प्रती काढून घ्या. नॉमिनी म्हणून ज्याचं नाव आहे तो सहसा मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतो. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत बायको, मुलं आणि नवऱ्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. पुढे दुसरं लग्न केलं तरी मिळालेला वाटा परत जात नाही. फॅमिली पेन्शनला मात्र वेगळे नियम असतात, ते लग्नाआधी त्या कार्यालयात विचारून घ्या.

दुसऱ्या लग्नाचा विषय निघालाच आहे तर सांगते. 1893 साली, ज्या वर्षी आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांना वाळीत टाकलं. तेव्हा तक्रार घेऊन जायला जागा नव्हती. आज आहे. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. जातपंचायतीने किंवा भावकीने एकत्र येऊन एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणी नाक मुरडलं म्हणून हा कायदा काढू नका. पण ‘कार्याला कुणी जायचं नाही’ असा निरोप फिरला, तर तो मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांत जा.

आणि तुमचा नवरा हयात असेल तर

हे वाचणाऱ्या काही जणी सवाष्ण असतील. तुमच्या मजल्यावर, नात्यात अशी कुणी असेलच. तिला हळदी-कुंकवाचं बोलावणं बाकीच्यांसारखंच करा, त्याच शब्दांत, कुंकवाचं नाव घेऊन. करंडा घेऊन तिच्यापाशी आलात की थांबू नका, सगळ्यांना विचारता तसं विचारा, ‘लावू ना?’ डोहाळजेवणाला ओटी भरायला तिलाही उठवा. मुलाच्या वाढदिवसाला औक्षणाच्या ओळीत तिचं नाव स्वतः पुकारा, म्हणजे तिला आपण होऊन पुढे यावं लागणार नाही. आणि ती नको म्हणाली तर आग्रह करू नका. तिळगूळ द्या, वाण द्या आणि तिला तुमच्या शेजारी बसवून घ्या.